केस गुंडाळणारी बाई

"मोटर बंद होती," अण्णा म्हणाले. "नुसती बंद नाही. वायर तुटून बांधावर पडलेली, फ्यूज काढून घरी फडताळात ठेवलेला. आणि पाइपातून पाणी येत होतं."

दुकानाचं शटर त्यांनी अर्धं खाली ओढलं होतं. खालच्या फटीतून दुपारचं ऊन आत येऊन पोरांच्या पायांपर्यंत थांबलं होतं. पायांच्या वर सगळा अंधार. त्या अंधारात वार्निशचा वास, भिंतीला टांगलेल्या कॉईली, आणि गोणपाटावर एकमेकांना चिकटून बसलेली सात-आठ पोरं. अण्णा, माझे वडील, स्टुलावर बसले होते. कुरुंदवाडच्या आसपासच्या मळ्यांतल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत आठवडाभर नवी तांब्याची तार गुंडाळायची आणि रविवारी दुपारी गल्लीतल्या पोरांना घाबरवायचं, हा त्यांचा माझ्या जन्माआधीपासूनचा शिरस्ता.

"रात्री कुणीही घाबरवेल," ते म्हणायचे. "भर दुपारी घाबरवायला अक्कल लागते."

मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. पोरांच्या मागे, दाराशी, एका उलट्या बादलीवर बसले होते.

"पाणी कसलं होतं, अण्णा?" आलमासनं विचारलं. ती पुढच्या रांगेत होती. कमरेपर्यंत येणाऱ्या दोन वेण्या तिनं भीतीनं पुढं ओढून दोन्ही मुठींत धरल्या होत्या.

"स्वच्छ. थंडगार. पण विहिरीवर आलेल्या तानीनं ओंजळ भरून घेतली, तर बोटांत काहीतरी अडकलं. तिनं ओढलं. लांब, काळा, ओला केस. ती ओढत राहिली, तो येत राहिला. संपेचना. मग तिला वाटलं, कोणीतरी पलीकडून तो धरून ठेवलाय. तानीनं पाइपाला कान लावला."

"लावू नको म्हणावं तिला!" सन्मती ओरडला. तो आलमासपेक्षा एखाद्या वर्षानं मोठा असेल, आणि गोष्टीतल्या माणसांना सल्ले द्यायची त्याला सवय होती.

"लावला की. आता काय करतोस? आणि आतून..."

"अण्णा, चहा टाकते मी," मी उठत म्हणाले. "कुणाला सरबत हवंय का रे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ताटावरून उठून जाणाऱ्याकडे आपण पाहतो, तसं. "टाक," ते म्हणाले.

मी वाकून शटरखालून बाहेर पडले. घर दुकानाच्या वरच. जिना चढताना पाठीमागे अण्णांचा आवाज हळू होत गेला, आणि मग सगळी पोरं एकदम किंचाळली. मी सरबताची लिंबं चिरायला घेतली. संध्याकाळी अण्णांनी मला एस.टी. स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे राहून कंडक्टरशी उसाच्या भावावर वाद घालत होते.

बुधवारी सकाळी दाढी करता करता ते गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, असं आईनं नंतर सांगितलं. ते तिनं मला एकदाच सांगितलं.

*

त्यांचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका संध्याकाळी रेहानाभाभी आल्या. आलमासची आई. समोरच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. बरोबर आलमास होती, पण मी तिला ओळखलंच नाही. तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले होते.

"ताई, अशा दिवसांत यायला नको होतं मी," भाभी उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या. "पण काय करू? हिनं स्वतःच कात्री घेतली. माझ्या कापड कापायच्या कात्रीनं दोन्ही वेण्या उडवल्या. मग न्हाव्याकडं नेऊन सारखं करून आणावं लागलं."

"अगं बाई!" आई म्हणाली. "का गं?"

आलमास आईच्या मागं सरकली. भाभीच म्हणाल्या, "ती बाई म्हणे केस गुंडाळती. अण्णांच्या गोष्टीतली. आता न्हाणीत नळ सोडला की ही ओरडत बाहेर येती. पाणी प्यायचं तर मी आधी पेला उजेडात धरून दाखवायचा. शाळेतल्या टाकीवर जात नाही, दिवसभर तहानलेली असती. रागवायचं कुणाला? अण्णा तर गेले. त्यांनी पुढचा रविवार पुढचा रविवार म्हणून ठेवलं आणि..." त्या थांबल्या. "शेवट तेवढा सांगा, ताई. काय असेल तो असू दे. शेवट कळला की जाईल तिच्या डोक्यातनं."

"मी सांगते," मी म्हणाले. "येत्या रविवारी दुकानात पाठवा तिला. सगळ्यांनाच बोलवा."

त्या गेल्यावर मी आईला विचारलं, "आई, तानीचं पुढं काय होतं?"

"कोण तानी?"

"अण्णांच्या गोष्टीतली. विहिरीवरची."

"मला काय माहीत?" आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली. "जन्म गेला त्यांच्याबरोबर, एक गोष्ट सांगितली नाही मला. म्हणायचे, तू घाबरत नाहीस, तुला सांगून उपयोग काय?" तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तूच घाबरायचीस घरात."

"मी? मी कुठं घाबरायचे?"

"बरं. नव्हतीस घाबरत."

गल्लीत राहणाऱ्या बापू खोतांना विचारलं. ते लहानपणी याच गोणपाटावर बसलेले, आता नातवंडं असलेले. ते हसले. "शेवट? तो दुकानाच्या बाहेर न्यायचा नाही, असा अण्णांचा दंडक होता. मोडायचा कसा? तुम्हीपण तिथंच होता की लहानपणी. तुम्हाला ठाऊक असणार."

मला ठाऊक नव्हता. अण्णा एक गोष्ट दोन रविवार पुरवायचे. पहिल्या रविवारी भीती, दुसऱ्या रविवारी शेवट. मी पहिल्या रविवारीच मधून उठून जायचे आणि दुसऱ्या रविवारी मला अभ्यास असायचा. मोठेपणी पुण्यात एका प्रकाशकाकडे हस्तलिखितं वाचायचं काम लागलं, आणि तिथंही माझी पद्धत ठरलेली होती. आधी शेवटचं पान. मग पहिलं. कोण जगतं, कोण मरतं, हे कळल्याशिवाय मी कोणत्याही पुस्तकात पाय टाकत नाही. सहकारी चेष्टा करायचे. मी म्हणायचे, त्यानं रचना नीट दिसते.

म्हणजे शेवट ही माझ्या धंद्यातली गोष्ट होती. मी ठरवलं, एक चांगला शेवट लिहायचा.

पण त्याआधी पोरांकडून मधला भाग काढून घ्यावा लागला. तो सन्मतीनं दुकानाच्या पायरीवर, आइसफ्रूट चोखत, सांगितला.

"पाइपातनं तानीला कोणतरी तिच्याच आवाजात हाक मारतंय. 'तानेऽ, ये की खाली.' मग ती विहिरीत उतरली. पायऱ्या हायत विहिरीला. शेवटच्या पायरीवर पाणीच न्हाय. कोरडी ठणठणीत. आणि तिथं एक बाई पाठ करून बसलीया. ती केस गुंडाळतीया हाताला. अण्णा कॉईल गुंडाळायचे का न्हाय, तस्सं. एकसारखं. एक वेढा, दुसरा वेढा. शेजारी गुंडाळून ठेवलेल्या लडी, हीऽ एवढी रास. आणि मागं न बघता ती म्हणाली..." सन्मतीनं आइसफ्रूट तोंडातून काढलं आणि आवाज खोल नेला. "'आलीस? बस. माझे संपले. आता तुझे.'"

ऊन होतं. रस्त्यानं उसाची बैलगाडी चालली होती. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

"आणि मग?"

"मग अण्णा म्हणाले, आज एवढंच."

*

रविवारी मी दुकान उघडलं. अण्णांच्या मागं प्रथमच. शटर पुरतं वर सारलं, लख्ख उजेड केला, गोणपाट झटकले. पोरं आली. आलमास सगळ्यांत मागं, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, एवढं उघडं न्हाय ठेवायचं," सन्मती म्हणाला आणि त्यानं उडी मारून शटर अर्धं खाली ओढलं. अंधार पोटऱ्यांपर्यंत खाली आला.

मी स्टुलावर बसले. चार दिवस घासूनपुसून तयार केलेला शेवट मला पाठ होता. ती बाई भूत नव्हतीच. ती तानीची पणजी होती, दुष्काळात पाणी आणायला विहिरीत उतरली आणि हरवली. इतकी वर्षं तिची वेणी घालायला कोणी नव्हतं. तानीनं तिचे केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली. बाईनं वळून पाहिलं, तिचा चेहरा मायाळू होता. तिनं तानीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती विरून गेली. विहीर भरली. त्या वर्षी पीक चांगलं आलं.

मी थांबले. माझ्या मते तो वाईट शेवट नव्हता. मी त्याहून कितीतरी वाईट शेवट छापखान्यात पाठवलेले आहेत.

पोरं अजून माझ्याकडेच बघत होती.

"झालं?" सन्मतीनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे ती भूत न्हवतीच?"

"नाही."

"मग आमी घाबरलो कशाला?"

एक लहानगी म्हणाली, "पणजी असली तर 'आता तुझे' का म्हणाली?" दुसरा म्हणाला, "अण्णा असलं गुळमुळीत सांगायचे न्हाईत." आणि दाराशी उभी असलेली आलमास अगदी सभ्यपणे म्हणाली, "ताई, हे खोटं हाय."

"अगं, गोष्टच आहे. गोष्टीत खरं-खोटं..."

"तुम्ही आम्हाला बरं वाटावं म्हणून केलंय ते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ती अजून बसलीया तिथं."

मला एकदम थकल्यासारखं झालं. "मग अण्णा कसा करायचे शेवट? सांगा मला. मी तसा करते."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सन्मती म्हणाला, "अण्णा न्हाय करायचे."

"म्हणजे?"

"अण्णा शेवट सांगायचेच न्हाईत. कधीच. भीतीचा भाग झाला की थांबायचे आणि विचारायचे, 'कुणाला काही म्हणायचंय का?' मग ज्याला सगळ्यांत जास्त भ्या वाटलंय त्यानं उभं राहायचं. सगळ्यांसमोर म्हणायचं, मला भीती वाटती. मोठ्यानं. पुटपुटलेलं चालत न्हाय. कुणीच उठलं न्हाय तर पुढल्या रविवारी परत विचारायचं, या येळेला तसंच झालं."

"आणि?"

"मग अण्णा उठायचे आणि त्यो स्टुलावर बसायचा. अण्णा खाली बसायचे, आमच्यात. आणि त्याला विचारायचे, 'मग काय झालं?'" सन्मतीनं खांदे उडवले, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. "त्यो सांगंल ते खरं. भुतालापण ऐकावं लागतं त्याचं. जो घाबरला त्याचीच गोष्ट असती."

"न घाबरणाऱ्याला शेवट करता येत न्हाय," लहानगी म्हणाली. "पिंट्यानं एकदा उगंच खोटं खोटं घाबरलो म्हणून सांगितलं. अण्णांनी ओळखलं."

"मी खरं घाबरलो होतो!" पिंट्या म्हणाला.

"उगं बस."

ते भांडत राहिले. मला ऐकू येईनासं झालं. 'कुणाला काही म्हणायचंय का?' हा प्रश्न मला ठाऊक होता. सहा-सात वर्षांची असताना, याच दुकानात, मी तो कितीदा ऐकला होता. अण्णा गोष्ट थांबवायचे, तो प्रश्न विचारायचे, आणि सगळ्यांवरून नजर फिरवून ती माझ्यावर आणून ठेवायचे. मला वाटायचं, ते माझी परीक्षा घेतायत. स्वतःची मुलगी भित्री निघाली का, ते बघतायत. मी म्हणायचे, "मला काही नाही म्हणायचं," आणि जिन्यावरून वर पळायचे. पुढं पुढं तर प्रश्न यायच्या आधीच उठायला लागले. अण्णांनी एकदाही हाक मारून परत बोलावलं नाही. नियमच तसा होता. ज्याचं त्यानं म्हणायला हवं. ते फक्त दर रविवारी विचारत राहिले, मी मोठी होऊन पुण्याहून यायला लागले तरी, मी लिंबं चिरायला गेले तरी.

ते परीक्षा घेत नव्हते. ते स्टूल रिकामं करून देत होते.

मी उठले.

"काय झालं ताई?"

मी गोणपाटावर जाऊन बसले, सन्मती आणि पिंट्याच्या मधल्या फटीत. मग माझाच आवाज मला ऐकू आला, अण्णांच्या आवाजासारखा अजिबात नसलेला. "कुणाला काही म्हणायचंय का?"

कुणी आलमासकडे पाहिलं नाही. तेवढं शहाणपण त्या पोरांत होतं. शटरखाली एक कोंबडी आली, आत डोकावली आणि निघून गेली.

"मला भीती वाटती," आलमास चौकटीशी पुटपुटली.

"मोठ्यानं गं," सन्मती म्हणाला, पण हळू.

"मला भीती वाटती!" ती ओरडली. इतक्या जोरात, की भिंतीवरच्या कॉईली थरथरल्यासारख्या वाटल्या. "मला त्या बाईची भीती वाटती! नळाची वाटती! पाण्याची वाटती!" आणि ओरडता ओरडताच ती पोरांना ओलांडत, एकाच्या मांडीवर पाय देत, पुढं गेली आणि स्टुलावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मग काय झालं?" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

आलमासनं डोळे मिटले.

"ती म्हणाली, आता तुझे. आणि मागं वळली. तिला तोंड न्हवतं. नुसते केस. पुढनं पण आणि मागनं पण."

पिंट्यानं माझा दंड धरला.

"तिनं हात पुढं केला, तानीच्या डोक्यावर. चाचपलं. हिकडं चाचपलं, तिकडं चाचपलं." आलमासनं डोळे उघडले. चेहऱ्यावर काहीतरी येऊ लागलं होतं, अजून हसू नव्हे, पण त्याच्या वाटेवरचं. "तर डोक्यावर केसच न्हाईत! तानी घरनंच कापून आली होती. आईच्या कात्रीनं!"

"आऽयला!" सन्मती म्हणाला.

"बाई म्हणाली, केस कुठंयत? तानी म्हणाली, न्हाईत. बाई म्हणाली, मग मी काय गुंडाळू? मला थांबता येत न्हाय. माझे हात थांबत न्हाईत. आणि ती रडायला लागली. रिकामेच हात फिरवत. असे." आलमासनं हवेत हात फिरवून दाखवले. ते इतके हुबेहूब अण्णांचे हात होते की मी मान खाली घातली. "मग तानीला तिची भीती वाटली आणि कीवपण आली. दोन्ही. तानी म्हणाली, रडू नको. थांब. ती वर आली. जळलेली मोटर सोडवली, खाली नेली. तांब्याची तार नेली. म्हणाली, हे घे. हे गुंडाळ. नीट गुंडाळ, वेढा चुकला तर परत करावं लागंल!"

पोरं हसायला लागली होती.

"मग? मग काय झालं?"

"मग तिनं एका दमात अख्खी मोटर गुंडाळली. अण्णांना दोन दिवस लागतात. तिनं दुसरी मागितली. तानीनं गावातल्या सगळ्या जळक्या मोटारी खाली नेल्या. आता ती विहिरीत दुकान चालवती! तिला चहा लागतो. दोन वेळा. आणि पाणी येतं ते तिनं दुरुस्त केलेल्या मोटरचं!" ती स्टुलावर उभी राहिली. "संपली!"

असा गलका मी त्याआधी कुठल्याही शेवटाला ऐकलेला नाही. पोरं उठली, नाचली, तारेच्या रिकाम्या बॉबिनी एकमेकांवर वाजवल्या. सन्मतीनं शटर ढकललं आणि ऊन धाडकन आत कोसळलं. सगळी वरात रस्त्यावर निघाली, सर्वांत पुढं आलमास. समोर नगरपालिकेचा नळ होता. ती त्याच्यापुढं थबकली. मी दारात उभी राहून पाहत होते. पलीकडून रेहानाभाभी शिलाई सोडून ओट्यावर आल्या होत्या. आलमासनं चावी सोडली आणि आपलं केस कापलेलं डोकं सरळ पाण्याच्या धारेखाली घातलं.

"बाईऽ!" ती पाण्यातून ओरडली. "ये की! बघ की! काय न्हाय तुला इथं!"

भाभींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते इतक्या लांबून दिसलं नाही. वरच्या गॅलरीतून आई म्हणाली, "अगं, सर्दी होईल तिला!" पण थांबवायला कोणी गेलं नाही. एकेक करून सगळ्यांनी नळाखाली डोकी घातली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ते ओलं, चमकणारं, विजयी डोकं मला अजून दिसतं.

सन्मती निथळत परत आला. "ताई, पुढल्या रविवारी कोण सांगणार?"

"माहीत नाही."

"तुम्ही सांगा की. गुळमुळीत नको पण." तो जरा थांबला. "बसा तिकडं. पण आधी म्हणावं लागतंय. त्याशिवाय न्हाय बसता येत."

मी आत पाहिलं. स्टूल रिकामं होतं. त्या बुधवारपासून तिथं अण्णा नव्हते आणि यापुढं कधीच असणार नव्हते, हे मला त्या क्षणापर्यंत नुसतं माहीत होतं. रस्त्यावर पोरं होती, ओट्यावर भाभी, गॅलरीत आई. सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

मी ताठ उभी राहिले, स्टुलाकडे तोंड केलं, आणि पुटपुटले नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "मला भीती वाटते."